पावतीवरचा आकडा : आठ महिने ‘इंटल नंबरफॉरमॅट’ वापरल्यावर

गोव्यातल्या फोंड्याजवळच्या एका देवस्थानाच्या पावत्यांचं वेब ॲप मी सांभाळतो. अभिषेक, महाप्रसाद, जत्रेची वर्गणी असं सगळं त्यात येतं. पावती मराठीत आणि आकडे देवनागरीत, ही समितीची अट होती. आधी स्वल्पविराम टाकायचं काम मी स्वतः लिहिलेल्या दहा ओळींच्या फंक्शनवर चालवत होतो. आठ महिन्यांपूर्वी ते फेकून जावास्क्रिप्टमधलं (ब्राउझरमध्ये चालणाऱ्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेतलं), आकडे त्या-त्या भाषेच्या पद्धतीने मांडणारं तयार ‘इंटल नंबरफॉरमॅट’ लावलं. हा त्याचा अनुभव.

चांगलं आधी सांगतो. भाषा ‘एमआर-आयएन’ (भारतातली मराठी) दिली की सव्वा लाखाचे थेट ‘१,२५,०००’ होतात. आधी तीन अंकांचा गट आणि मग दोन-दोनांचे, हे काही सांगावं लागत नाही. ब्राउझर हे नियम युनिकोडच्या सीएलडीआर नावाच्या साठ्यातून घेतो. गंमत म्हणजे तिथे मराठीचे मूळ आकडे देवनागरी आहेत आणि हिंदीचे इंग्रजी. त्यामुळे शेजारच्या टेबलावरचा हिंदी प्रकल्पवाला माझ्याकडे येऊन ‘तुझे कसे आपोआप आले?’ विचारत होता. इंग्रजी आकडे हवे असतील तर ‘न्यूमरिंगसिस्टिम’ला ‘लॅटन’ सांगायचं, की झालं. सीएकडे जाणाऱ्या अहवालात मी तेच करतो.

पहिला फटका मात्र माझ्याच आळसाचा. एका पानावर मी भाषा न देता, फक्त दशांशाचे दोन अंक मागून ‘टूलोकेलस्ट्रिंग’ (हेच काम करणारी छोटी वाट) वापरलं होतं. भाषा दिली नाही तर पाहणाऱ्याच्या ब्राउझरची भाषा धरली जाते. लिस्बनला राहणाऱ्या एका महाजनाने, म्हणजे देवस्थानाच्या सभासदाने, जत्रेचा जमाखर्च उघडला, तर त्याला सव्वा लाखाच्या जागी ‘125 000,00’ असं दिसलं. पोर्तुगालच्या पद्धतीत गटांमध्ये मोकळी जागा आणि दशांशाला स्वल्पविराम. त्याचा निरोप आला, ‘एकशे पंचवीस रुपये झाले, पुढची शून्यं कसली?’ पोर्तुगीज राजवटीतले इथले कागद पाहिलेल्या आमच्या खजिनदार काकांना त्याचं काहीच वाटलं नाही. मला मात्र त्या रात्री सगळी पानं धुंडाळून भाषा लिहावी लागली.

दुसरी गोष्ट जास्त महाग पडली. फॉरमॅट केलेला आकडा म्हणजे मजकूर, तो पुन्हा हिशेबात घ्यायचा नसतो. वाचायला सोपं, पण काम घाईत असताना डोक्यातून जातं. पावती दुरुस्तीच्या पानावर मी चौकटीत स्वल्पविरामासकट रक्कम दाखवली आणि जतन करताना तीच ‘पार्सइंट’ला, म्हणजे मजकुरातून पूर्णांक काढणाऱ्या फंक्शनला, दिली. आकडे इंग्रजी असतील तर ‘पार्सइंट’ पहिल्या स्वल्पविरामाशी थांबतो, म्हणजे सव्वा लाखाचा एक रुपया. देवनागरी असतील तर सरळ ‘नॅन’, म्हणजे ‘हा आकडाच नाही’. आमच्या चौकटीत इंग्रजी होते, म्हणून एका दात्याची वर्गणी एक रुपया नोंदली गेली. काकांची वही बाजूला होती म्हणून ते त्याच दिवशी सापडलं. आता डेटाबेसमध्ये पैशांत पूर्णांक असतो, ‘१,२५,०००’ फक्त पडद्यावर उमटतं, आणि चौकटीत टाइप केलेल्या आकड्यातून स्वल्पविराम काढून, देवनागरी अंक बदलून मगच तो पुढे जातो.

पैसे पूर्णांकात ठेवण्याचं कारणही काकाच. परताव्याच्या बेरीज-वजाबाकीत दशांशाची धूळ, म्हणजे शून्याहून किंचित कमी असं काहीतरी, उरली आणि शिल्लक रकान्यात ‘-०’ आलं. नंबरफॉरमॅट उणे शून्य प्रामाणिकपणे दाखवतो. काका म्हणाले, ‘किदें रे हें? वजा शून्य म्हणजे आम्ही देवाचं देणं लागतो काय?’ खूण कधी दाखवायची ते ठरवणाऱ्या ‘साइनडिस्प्ले’ला ‘निगेटिव्ह’ दिलं की शून्याची वजा खूण जाते, पण ते अलीकडच्या ब्राउझरांतच चालतं, म्हणून मुळातच धूळ झाडली.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. जत्रेच्या दिवसांत मंडपातल्या मोठ्या पडद्यावर एकूण वर्गणी दाखवायची होती. पूर्ण आकडा लांबून वाचता येत नाही, म्हणून आकडा थोडक्यात दाखवणारी ‘कॉम्पॅक्ट’ पद्धत लावली. पंचाहत्तर हजारांचं झालं ‘७५ ह’. काकांनी विचारलं, ‘हस्ते कोण?’ बरोबरच आहे, जुन्या वह्यांत ‘ह.’ म्हणजे हस्ते. लांब रूप मागितल्यावर ‘७५ हजार’ आलं, तो प्रश्न मिटला. पण रक्कम सव्वा लाखावर गेली आणि पडद्यावर ‘१.३ लाख’! ही चूक नाही, नियम आहे. कॉम्पॅक्टमध्ये ‘लाख’च्या आधीचा आकडा एकअंकी असेल तर त्याचे एकूण दोनच अंक ठेवतात, म्हणून १.२५ चे १.३ होतात. देवळाच्या मंडपात पाच हजार वाढवून सांगणं म्हणजे काय, ते गावात राहणाऱ्याला सांगायला नको. दशांशाचे दोन अंक सक्तीने मागितले, तर ‘१.२५ लाख’ मिळतं. तेही काकांना रुचलं नाही. ‘सव्वा लाख म्हण ना!’

आणि ते बरोबर होते. आपण १.५ लाख बोलत नाही, दीड लाख बोलतो. अडीच, साडेतीन, पावणेदोन, पाऊण लाख. यातलं काहीही नंबरफॉरमॅटला येत नाही. मी वरून छोटं फंक्शन लिहिलं: पाव उरली तर सव्वा, अर्धी उरली तर साडे, पाऊण उरली तर पुढच्या अंकाला पावणे. दीड आणि अडीच वेगळे काढले, नाहीतर ‘साडेएक लाख’ झळकलं असतं. रक्कम नेमकी बसत नसेल तर पूर्ण आकडाच दाखवतो, गोल करत नाही.

पावतीवरचं ‘अक्षरी रुपये’ही तसंच. आकडा शब्दांत लिहायची सोय ‘इंटल’मध्ये नाहीच. इंग्रजीत वीसनंतर शब्द जोडत गेलं की काम होतं, मराठीत नव्याण्णवपर्यंतचा तक्ताच लागतो. एकोणतीस, एकोणचाळीस अशी लय एकोणनव्वदपर्यंत जाते आणि नव्याण्णवला मोडते. महाराष्ट्रात २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात ‘बावीस’च्या जोडीला ‘वीस दोन’ आलं तेव्हा गदारोळ झाला होता. तक्ता टाइप करताना मला त्या पुस्तकाचा पहिल्यांदाच हेवा वाटला. पहिल्या आठवड्यात शंभर रुपयांच्या पावतीवर ‘एकशे रुपये फक्त’ छापलं गेलं. एकशे एक बरोबर, एकशे एकावन्न बरोबर, पण नुसते शंभर म्हणजे शंभर. अकराशेवर वाद झाला, काकांना ‘अकराशे’ चालेना, पावतीवर ‘एक हजार शंभर’ ठरलं.

किरकोळ दोन गोष्टी. जुन्या पावती प्रिंटरवर ₹ च्या जागी चौकोन येतो, म्हणून चलनाची पद्धत न वापरता ‘रु.’ हाताने लावतो. आणि यादीतल्या प्रत्येक ओळीला नवीन फॉरमॅटर बनवू नका, एकदाच बनवून सगळीकडे वापरा. वर्षभराची यादी उघडायला लागणारा वेळ माझ्या जुन्या लॅपटॉपवर डोळ्याला दिसेल इतका कमी झाला.

स्वल्पविराम आणि अंकांसाठी मी हेच वापरत राहणार. माझी जुनी दहा ओळींची करामत उणे रकमेवर अडखळायची, हे अडखळत नाही. पाचपैकी चार तारे; एक कापला तो मंडपातल्या ‘१.३ लाख’साठी.

आता समितीने कोंकणी पावतीही मागितली आहे. दीड लाखाचं ‘देड लाख’ लगेच जमलं. नव्याण्णवचा तक्ता मात्र पुन्हा पहिल्यापासून. काल रात्री ‘धा’पर्यंत पोचलो.