अर्जात कोणतं कलम लिहावं: साठच्या कायद्यातलं ११ की न्याय संहितेतलं ३२५?

मुक्या जनावरावर कोणी हात टाकलाय, तुम्ही पोलीस ठाण्यात जायचं नक्की केलंय, आणि आता अर्जाच्या पहिल्या ओळीत कोणतं कलम लिहावं यावर अडला आहात, असं धरून लिहितो. मी वकील नाही. नाशिकच्या कडेला, जिथे द्राक्षांचे मळे मोडून कॉलन्या उभ्या राहिल्या, तिथे राहतो. रात्री जेवणं झाली की उरलेल्या पोळ्या घेऊन बाहेर पडणारे आमच्याकडे चारपाच जण आहेत, त्यांतला मी एक. दोन्ही कलमांखाली ठाण्याची पायरी चढलोय, म्हणून बोलायचं धाडस करतो.

लोक आधी शिक्षा बघतात. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ मध्ये पहिल्या गुन्ह्याला १० ते ५० रुपये दंड आहे. तीन वर्षांच्या आत पुन्हा केलं तर २५ ते १०० रुपये, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. भारतीय न्याय संहितेच्या ३२५ ला पाच वर्षांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. हे आकडे शेजारी ठेवले की निवड झालीच असं वाटतं. माझी मात्र आकड्यांवरून झाली नाही. शिक्षेचा प्रश्न गुन्हा शाबीत झाल्यावरचा, आणि मी अडलो तो त्याच्या फार अलीकडे, ठाण्यातल्या पहिल्या टेबलापाशी.

मे २०२३ मधली गोष्ट. पहाटे दूध आणायला निघालेल्या शेजारच्या काकूंनी दार वाजवलं. कोपऱ्यावरच्या मोकळ्या प्लॉटमध्ये चार कुत्री पडलेली होती, तोंडाला फेस, पाय ताणलेले. त्यांतली भुरी अजून पिल्लांना पाजत होती. बाजूला कोंबडीचे तुकडे पडलेले. आठ वाजता ठाण्यात गेलो आणि अर्जात लिहिलं, ‘प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, कलम ११’. इंटरनेटवर तेवढंच सापडलं होतं.

टेबलावरचे हवालदार भले माणूस होते. चहा विचारला, सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “काका, ही एनसी होते.” आणि अदखलपात्र तक्रारीची पावती हातात दिली. तिच्यावर ते नेहमीचं वाक्य होतं, फिर्यादीस न्यायालयात दाद मागण्याची समज देण्यात आली.

ती पावती घेऊन सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात गेलो. डॉक्टर म्हणाले, “पोलिसांचं पत्र आणा, लगेच शवविच्छेदन करतो.” परत ठाण्यात. “एनसीत तपासच नसतो काका, पत्र कशाच्या आधारावर देऊ?” परत दवाखान्यात. दोघांनीही आवाज चढवला नाही आणि दोघेही आपापल्या जागी बरोबर होते, हे मला तेव्हाही कळत होतं. मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय अदखलपात्र तक्रारीचा तपास पोलिसांना करता येत नाही, कायदाच तसा आहे. आम्ही बर्फाच्या लाद्या आणल्या, चारही देह गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवले. मे महिन्याचं ऊन. संध्याकाळपर्यंत वास सुटला आणि खड्डा करून पुरावं लागलं. पोटात कोणतं विष होतं, हे सांगू शकणारा एकमेव पुरावा त्या खड्ड्यात गेला. नाशकात न्यायसहायक प्रयोगशाळा आहे, व्हिसेरा, म्हणजे पोटातल्या अवयवांचे नमुने, तिथवर नेता आला असता. एक पत्र मिळालं नाही.

पुढे वकील गाठला, कोर्टात खाजगी तक्रार करायचं ठरलं. कागद जमवता जमवता ऑगस्ट उलटला. साठच्या कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे घटनेपासून तीन महिन्यांच्या आत खटला दाखल व्हावा लागतो. आमची मुदत संपली होती.

त्या दिवसातल्या त्या चार फेऱ्या मी विसरू शकत नाही. माझा कौल तिथेच ठरला, बाकीचं सगळं नंतरचं.

यात एक चूक माझीही होती, ती तुमच्याकडून होऊ नये. मी नुसतं ‘कलम ११’ लिहिलं. त्या कलमाच्या पोटात बरीच उपकलमं आहेत आणि सगळी अदखलपात्र नाहीत. ११(१)(एल), म्हणजे जनावराला विद्रूप करणं किंवा अनावश्यक क्रूर रीतीनं जिवे मारणं, हे कलम ३१ मुळे दखलपात्र आहे; भटक्या कुत्र्यांचा उल्लेख त्यात शब्दांत आहे. झुंजी लावण्याबद्दलची काही उपकलमंही तशीच. पण मारहाण, उपासमार, जास्त ओझं, आखूड साखळीनं बांधून ठेवणं, टाकून देणं, हे रोज दिसणारं सगळं एनसीतच जातं. आणि घाईच्या वेळी टेबलावर ११ हा आकडा दिसला की हात एनसीच्या वहीकडे वळतो, असा माझा अनुभव आहे. इतरांचा वेगळा असेल.

तेव्हा जुन्या भारतीय दंड संहितेचं ४२९ का नाही लावलं, असं एका स्नेह्यानं नंतर विचारलं. ठाण्यात विचारलं होतं मी. त्या कलमात गाय, बैल, घोडा अशी जनावरं सोडून बाकी जनावराची किंमत ५० रुपये किंवा जास्त असावी लागे. ४२८ मध्ये १० रुपये. “या कुत्र्यांची किंमत किती दाखवायची?” हा प्रश्न टेबलापलीकडून आला आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. भुरीची किंमत मी काय सांगणार होतो? १ जुलै २०२४ पासून न्याय संहिता लागू झाली आणि ३२५ मध्ये ही किंमतीची अट उरली नाही. कोणतंही जनावर जिवे मारणं, विष घालणं, पंगू करणं, निकामी करणं, एवढंच लिहिलंय. माझ्या मते प्राण्यांसाठी त्या संहितेत झालेला हा सर्वांत मोलाचा बदल, आणि त्याबद्दल फारसं कोणी बोललं नाही.

तो बदल हाताशी आला जानेवारी २०२५ मध्ये. कॉलनीतल्याच एकानं करडी नावाच्या कुत्रीच्या मागच्या पायावर लोखंडी पाईप घातला. हाड चुरलं, पाय काढावा लागला. या वेळी अर्जाच्या पहिल्या ओळीत ३२५ लिहिलं, त्याखाली ११(१)(एल). रात्री साडेदहाला ठाणे अंमलदार मॅडमनी वाचलं आणि म्हणाल्या, “काका, बसा, गुन्हाच दाखल होतो हा.” बाराच्या आत गुन्हा रजिस्टर नंबर मिळाला, फिर्यादीची प्रत मिळाली, आणि डॉक्टरांच्या नावाचं पत्र मिळालं. ते पत्र हातात घेऊन मी जिन्यावर क्षणभर थांबलो. सकाळी पंचनामा झाला, पाईप जप्त झाला, समोरच्या बंगल्यातलं कॅमेऱ्याचं चित्रण पेन ड्राइव्हवर घेतलं. करडीच्या कानाला नसबंदीची खूण आहे, तीही ओळख म्हणून पंचनाम्यात आली.

एका वेळी अशी गेली आणि दुसऱ्या वेळी तशी, एवढ्यावरून नियम करू नये, हे मान्य. टेबलापलीकडचं माणूसही वेगळं होतं. तरी मला वाटतं, मॅडमच्या जागी ते भले हवालदार असते तरी ३२५ पाहून त्यांनी हेच केलं असतं.

आता ३२५ च्या उण्या बाजू. पहिली म्हणजे त्याचा आवाका अरुंद आहे. जनावर मेलं, त्याला विष घातलं, किंवा ते पंगू वा निकामी झालं तरच ते लागतं. दुसरी वकिलांनी दाखवून दिली: हे कलम ‘आगळीक’ या गुन्ह्याखाली येतं, आणि आगळिकीच्या मुळाशी कोणाचं तरी नुकसान, मालमत्तेची हानी ही कल्पना आहे. भटकं कुत्रं कोणाची मालमत्ता, असा बचाव होऊ शकतो. म्हणूनच सोबत ११(१)(एल) लिहायचं. तिथे मालकीचा प्रश्नच येत नाही, वेदनेचा येतो. तिसरी बाब कोणी सांगत नाही. एफआयआर झाला की शेजार तुटतो. गुन्हा जामीनपात्र आहे, माणूस दुसऱ्या दिवशी घरी असतो. आमच्याकडे पंच म्हणून सही करायला तयार झालेल्या दोघांनी सकाळी फोन बंद ठेवले. सोसायटीच्या व्हॉट्सॲपवर महिनाभर बरंच ऐकून घेतलं. एनसीच्या पावतीनं असं काही झालं नव्हतं. हा भार पेलणार असाल तरच पुढे जा, असं मी कळवळ्यानं सांगतो.

आणि साठचा कायदा कमी लेखू नका. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत तो विषय लावून धरला, त्यातून तो आला. जनावराला काय काय दुखतं याचा एवढा बारीक विचार ३२५ मध्ये नाही. गेल्या फेब्रुवारीत दिंडोरी रस्त्यावर ऊसगाडी पाहिली. डाव्या बैलाला खांदेसूज, जू टेकलेल्या जागी कातडी सोललेली, आणि चढावर गाडीवान पराणी टोचत होता. हे ३२५ मध्ये कुठे बसवाल? बैल जिवंत आहे, चालतो आहे. कलम ११(१)(बी) मात्र नेमकं याच्यासाठी आहे: जखमी, आजारी जनावराला कामाला जुंपणं. सोबत १९६५ चे ओझ्याच्या जनावरांचे नियम आहेत. दिवसाला नऊ तासांहून जास्त काम नाही, सलग पाच तासांहून जास्त नाही, आणि पारा ३७ अंशांवर जातो तिथे दुपारी बारा ते तीन जुंपायचं नाही. गाडीवान बीडकडचा, उचल घेऊन आलेला, बायको आणि लेकरू उसाच्या मोळ्यांवर. त्याला पाच वर्षांची भीती घालावी असं मला वाटलं नाही, आजही वाटत नाही. बीटवरचे पोलीस आले, त्यांनी हे नियम नीट समजावून सांगितले, मुकादमाला बोलावलं, दुसरा बैल आला. बैलाला जपणं हेच तिथे मोठं काम होतं. प्रकरण पुढे गेलं तर मॅजिस्ट्रेटच्या आदेशानं जनावर आपल्या चुंचाळ्यासारख्या पांजरपोळात ठेवता येतं आणि खर्च मालकाकडून घेता येतो, ही सोयही साठच्याच कायद्यात आहे.

मारहाण, छळ, अतिश्रम अशा प्रकारांत अर्जात महाराष्ट्र पोलीस कायद्याचं ११९ जोडावं. एक महिन्यापर्यंत कैद किंवा १०० रुपयांपर्यंत दंड एवढंच आहे, पण पहिल्याच गुन्ह्याला कैदेची शक्यता तरी उभी राहते.

कायदा कडक करायची चर्चा होते तेव्हा मला ते चार देह आठवतात. सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्येच संसदेनं शिक्षा वाढवावी अशी अपेक्षा नोंदवली. नोव्हेंबर २०२२ मध्ये केंद्रानं दुरुस्तीचा मसुदा लोकांपुढे ठेवला. त्यात अघोरी क्रूरतेला किमान ५०,००० रुपये दंड किंवा एक ते तीन वर्षं कैद, आणि जीव घेतल्यास पाच वर्षांपर्यंत कैद सुचवली होती. राज्याला जमतं हेही दिसलंय. बैलगाडा शर्यतींसाठी महाराष्ट्रानं २०१७ मध्ये याच कायद्यात दुरुस्ती केली आणि अटी मोडणाऱ्याला पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद ठेवली. शर्यतीतल्या बैलासाठी पाच लाख आणि उसाच्या गाडीखालच्या बैलासाठी ५० रुपये, हे मला पटत नाही. आणखी एक भोक पडलंय. प्राण्यांवरच्या लैंगिक अत्याचाराला जुन्या दंड संहितेच्या ३७७ मध्ये शिक्षा होती, न्याय संहितेत तिची जागा कोणत्याच कलमानं घेतली नाही. तसं प्रकरण तुमच्यापुढे आलं आणि जनावर मेलेलं किंवा पंगू नसेल, तर फिरून साठच्याच कायद्याकडे यावं लागतं.

दंड वाढावा, जरूर वाढावा. पण मला एकच मागायला सांगितलं तर मी मागेन की कलम ११ मधली निदान मारहाणीची आणि उपासमारीची उपकलमं दखलपात्र करा. ५० चे ५०,००० झाले आणि पत्र मात्र मिळालं नाही, तर दंड भरणारा सापडणार कुठून?

तोवर, जनावर मेलं असेल, विष असेल, हाड मोडलं असेल, डोळा गेला असेल, तर मी पहिल्या ओळीत ३२५ लिहीन, खाली ११(१)(एल) कंसासकट, आणि पोच घेतल्याशिवाय उठणार नाही. जिवंत जनावराचे हाल चालू असतील तर ११ चं नेमकं उपकलम शोधून लिहीन, तारीख वहीत टिपून ठेवीन आणि तीन महिने पुरे व्हायची वाट न बघता पहिल्याच आठवड्यात वकिलाकडे जाईन.

करडीच्या प्रकरणात दोषारोपपत्र दाखल झालंय, तारखा पडतायत. ती तीन पायांवर कोपऱ्यापर्यंत येते, पोळी घेते, आणि त्या घरासमोरून जाताना रस्त्याची बाजू बदलते.