फुकट कोर्स करायचाय? एनपीटीईएल, कोर्सेरा की एमआयटी

सत्र सुरू झालं की इंजिनिअरिंगच्या मुलांचा ठरलेला प्रश्न असतो: सर, कोर्स कुठून करू? माझा उलटा प्रश्न: क्रेडिट (म्हणजे पदवीत मोजले जाणारे गुण) हवंय, रेझ्युमेवर नाव हवंय की विषय समजून घ्यायचाय?

क्रेडिट हवं असेल तर डोळे झाकून एनपीटीईएल. सात आयआयटी आणि बंगळूरच्या आयआयएससीचा हा उपक्रम 2003 पासूनचा, आता केंद्र सरकारच्या स्वयम या ऑनलाइन कोर्सच्या पोर्टलवर चालतो. यूजीसीच्या 2021 च्या नियमांनुसार एका सत्रातले 40 टक्क्यांपर्यंत विषय स्वयमवरून करता येतात. अर्थात तुमच्या कॉलेजने मान्य केले तर. आधी एचओडींना विचारा. शिकणं फुकट, परीक्षा हजार रुपयांची आणि केंद्रावर जाऊन द्यायची. असाइनमेंटला 25 गुण, परीक्षेला 75. पास व्हायला पहिल्यात 10 आणि दुसऱ्यात 30 हवेतच. असाइनमेंटची उत्तरं व्हॉट्सअॅपवर फिरतात हे उघड गुपित आहे. तिथे पैकीच्या पैकी मिळवलेली मुलं मग परीक्षेत आपटतात. काही व्याख्यानं रटाळ आहेत, हेही सांगून टाकतो.

कोर्सेरा ही ऑनलाइन कोर्सची वेबसाइट. दिसायला देखणं, व्हिडिओ छोटे, सुटसुटीत. कंपन्यांच्या एचआरला नावही ओळखीचं. पण 2012 साली निघालं तेव्हाचा मोकळेपणा आता राहिलेला नाही. प्रमाणपत्राला पैसे पडतात. परवडत नसेल तर आर्थिक मदतीचा अर्ज करता येतो, तो जरूर करा. एडएक्सचंही पुढे तसंच झालं: एमआयटी आणि हार्वर्डने काढलेला हा मंच 2021 मध्ये टूयू कंपनीला 80 कोटी डॉलरना विकला गेला, आणि 2024 मध्ये त्या कंपनीनेच दिवाळखोरीचा अर्ज केला.

खरंखुरं फुकट म्हणजे एमआयटीचं ओपनकोर्सवेअर, तिथल्या वर्गातली व्याख्यानं आणि नोट्स ठेवलेली वेबसाइट. खातं नको, तारीख नको, कोर्स डाउनलोड करून ठेवला की गावी रेंज नसली तरी चालतं. गिल्बर्ट स्ट्रँग यांचं लिनिअर अल्जिब्रा बघाच. खडू, फळा आणि एक म्हातारा प्रोफेसर, बाकी काही नाही. तरी मॅट्रिक्स डोळ्यांसमोर उभी राहते. प्रमाणपत्र मात्र मिळत नाही, आणि सोडून दिलं तर विचारणारंही कुणी नाही.

खरी अडचण हीच. एमआयटी आणि हार्वर्डच्या एडएक्सवरच्या कोर्सांत 2017-18 साली नाव नोंदवलेल्या शंभरातले जेमतेम तिघं शेवटपर्यंत पोहोचले. प्रमाणपत्रासाठी पैसे भरलेल्यांत हेच प्रमाण 46 टक्के होतं. ज्यांना करायचंच असतं तेच पैसे भरतात, हे मान्य. पण खिशातून हजार गेले की अभ्यासाला बसतात, हे मी वर्गात बघतो.

म्हणून गणितासारख्या विषयाला माझा सल्ला: समजून घ्या स्ट्रँगकडून, परीक्षा द्या एनपीटीईएलची. फक्त तिथे कोर्सची नोंदणी वेगळी आणि परीक्षेची वेगळी असते. दुसरीची तारीख दरवर्षी कुणीतरी चुकवतंच.