रोमन साहसकथा वाचायची आहे. सटक्लिफ घ्यावी की स्कॅरो?

रोमन काळावरची एखादी चांगली साहसकथा सुचवा म्हटलं, की वाचणारे लोक बहुधा दोन नावं घेतात. रोझमेरी सटक्लिफ यांची १९५४ सालची ‘द ईगल ऑफ द नाइन्थ’ आणि सायमन स्कॅरो यांची २००० साली आलेली ‘अंडर द ईगल’. नावांत गरुड सामाईक, दोन्हींत ब्रिटन आणि रोमन सैन्य. त्यामुळे एक वाचली की दुसरीची गरज नाही असं काहींना वाटतं. मी दोन्ही वाचल्या आहेत आणि वाचनाचा अनुभव म्हणून त्या एकमेकींपासून खूप दूर आहेत.

आधी एक गोष्ट आपल्या वाचकांसाठी. मराठीत ऐतिहासिक कादंबरी म्हटलं की बहुतेकदा मध्यभागी राजा असतो, पेशवा असतो, निदान एखादा नामवंत सेनापती तरी. इथे दोन्हीकडे नायक काल्पनिक आहेत, आणि तेही साधे लष्करी अधिकारी. खरी माणसं कडेला उभी असतात. स्कॅरोच्या गोष्टीत दुसऱ्या लीजनचा (लीजन म्हणजे काही हजार सैनिकांचं रोमन सैन्यदल) प्रमुख व्हेस्पासियन आहे, जो पुढे सम्राट झाला. पण आपण चालतो ते मॅक्रो आणि केटो यांच्यासोबत.

स्कॅरोची बाजू भक्कम आहे, हे आधीच सांगतो. गोष्ट सुरू होते इ. स. ४२ मध्ये, जर्मनीतल्या छावणीत. राजवाड्यात गुलाम म्हणून वाढलेला, पुस्तकांत रमणारा केटो सैन्यात येतो आणि सम्राटाच्या शिफारशीवर थेट ऑप्टिओ, म्हणजे सेंच्युरियनचा (सुमारे ऐंशी सैनिकांच्या तुकडीच्या प्रमुखाचा) दुय्यम, होतो. बाकीचे रंगरूट त्याच्यावर खार खाऊन असतात. मॅक्रो कसलेला सेंच्युरियन, पण त्याला लिहिता-वाचता येत नाही. हुद्दा तर असा की हजेरीपट, पगाराचे हिशेब, वरून आलेले आदेश यांचं सगळं काम लिखाणातलं. मग तो आपल्याच हाताखालच्या पोराकडून गुपचूप अक्षरं शिकतो. ही जोडी इतकी लोकप्रिय का, ते इथेच कळतं. कवायत, ओझं घेऊन मैलोन्‌मैल चालणं, पहिल्या चकमकीआधीची भीती हे सगळं तो छान उभं करतो. इंग्रजी सोपं, प्रकरणं छोटी. माझ्या भाच्याने पुस्तक हातात घेतलं ते संपवूनच खाली ठेवलं. शिवीगाळ आणि रक्तपात मात्र भरपूर आहे, तेव्हा घरातल्या लहान मुलांना देताना विचार करा. सैनिक आजच्या ब्रिटिश पलटणीतल्यासारखे बोलतात ही तक्रारही नेहमी ऐकू येते. मला तिचा विशेष त्रास झाला नाही.

त्रास झाला तो वेगळ्याच गोष्टीचा. या मालिकेचे वीसहून जास्त भाग झाले आहेत. पहिला भाग वाचतानाच आपल्याला माहीत असतं की मॅक्रो आणि केटो पुढे कित्येक मोहिमा करणार आहेत. त्यामुळे दोघं शत्रूच्या घेऱ्यात सापडले की मी ‘कसे सुटतील’ एवढंच वाचत होतो, ‘सुटतील का’ हा प्रश्न मनात येतच नव्हता. काहींना तेवढं पुरतं, आणि त्यात गैर काहीच नाही. मला मात्र पुढे पुढे लढाईची पानं भराभर उलटायची सवय लागली, आणि साहसकथेत तसं झालं की माझ्यापुरता रस संपतो.

सटक्लिफच्या कादंबरीतही नायक मार्कस, एक तरुण रोमन अधिकारी, जगणार याचा अंदाज येतोच. पण ती सुरुवातीच्या प्रकरणांतच त्याच्याकडून काहीतरी कायमचं काढून घेते. आपल्या माणसांना वाचवण्यासाठी तो शत्रूच्या धावत्या रथावर झेप घेतो, रथ उलटतो आणि त्याच्या पायाचा चुराडा होतो. सेनापती व्हायचं स्वप्न पाहणारा तरुण सैन्यातून कायमचा बाहेर पडतो. पुढे काकांचा जुना स्नेही असलेला शस्त्रवैद्य ती जखम पुन्हा उघडून आत राहिलेले हाडांचे तुकडे काढतो. ते पान मी दोनदा वाचलं. पाय त्यानंतरही पूर्ण बरा होत नाही. ब्रिटनमधल्या रोमन सरहद्दीवरच्या हेड्रियनच्या भिंतीपलीकडे, नेत्रवैद्याच्या वेषात, आधी त्याचा गुलाम असलेल्या एस्का या ब्रिटन तरुणासोबत नवव्या लीजनचं हरवलेलं मानचिन्ह, म्हणजे गरुड, शोधत फिरताना तो लंगडतोच. त्यामुळे शेवटच्या पाठलागात प्रत्येक टेकडी आपल्यालाही चढावी लागते.

या पुस्तकाबद्दलच्या तक्रारीही खऱ्या आहेत. सुरुवात संथ आहे. पाऊस, धुकं, गवत, पक्षी यांची वर्णनं लांबलचक आहेत आणि इंग्रजी जुन्या वळणाचं. पहिली काही प्रकरणं धीर धरावा लागतो. इतिहासाच्या अंगानेही आक्षेप आहे. इ. स. ११७ च्या सुमारास उत्तरेकडे गेलेली नववी लीजन नाहीशी झाली, हा कथेचा पाया. पण नेदरलँड्समधल्या नाइमेखेन इथे तिच्या नंतरच्या खुणा सापडल्यामुळे ती ब्रिटनमध्येच संपली असं आज बरेच अभ्यासक मानत नाहीत. तसंच, सिल्चेस्टरच्या उत्खननात १८६६ साली मिळालेला पंख नसलेला काशाचा गरुड, जो आता रेडिंगच्या संग्रहालयात आहे, तो लष्करी मानचिन्ह नसून एखाद्या मोठ्या पुतळ्याचा भाग असावा असं मानलं जातं. सटक्लिफ यांनी या दोन कोड्यांची गाठ घालून कथा रचली. पुरावे बदलले म्हणून मार्कसचं आपल्या वडिलांविषयी सत्य शोधणं मला तरी कमी खरं वाटलं नाही. ते नवव्या लीजनमध्येच होते.

प्रवासात वाचायला, रोज थोडं थोडं, आणि आवडलं तर वर्षभर पुरेल असं काही हवं असेल तर स्कॅरो घ्या. पैसे वाया जाणार नाहीत. रोमन सैन्याची रचना समजून घ्यायलाही तोच जास्त उपयोगी पडेल. पण एकच पुस्तक वाचणार असाल, तर माझं मत सटक्लिफला. फक्त एस्का कथेत येईपर्यंत सोडू नका.