केप बफेलोसाठी रायफल: .३७५ एच अँड एच की .४१६ रिग्बी?

केप बफेलो म्हणजे आफ्रिकेतला रानरेडा; त्याच्या शिकारीसाठी या दोनपैकी कोणती रायफल घ्यावी? (नावातला आकडा म्हणजे गोळीचा इंचांतला व्यास.) १९१२ ची .३७५ एच अँड एच (हॉलंड अँड हॉलंड) ३०० ग्रेनची (सुमारे १९ ग्रॅम) गोळी सेकंदाला सुमारे २,५०० फूट वेगाने सोडते; १९११ ची .४१६ रिग्बी ४०० ग्रेनची, सुमारे २,४०० फुटांनी. रिग्बीचा घाव जड, पण खांद्याला बसणारा धक्काही तसाच. त्याच्या धास्तीने चाप हिसकला की गोळी भरकटून पोटात लागते. जखमी बफेलो दाट झुडपात शिरतो आणि माग काढणाऱ्यांवरच उलटतो. म्हणून पहिल्यांदा जाणाऱ्याने .३७५च घ्यावी; बऱ्याच देशांत धोकादायक जनावरांसाठी तीच किमान मर्यादा आहे.

रायफल कोणतीही असो, आपल्याकडे कूस करून उभ्या असलेल्या जनावरावर पुढच्या पायाच्या रेषेत, धडाच्या खालच्या एक तृतीयांश उंचीवर नेम धरा. हृदय वाटते त्याहून खाली असते. पहिली गोळी सॉफ्ट (लागल्यावर फुलणारी), पुढच्या सॉलिड (न फुलता खोल जाणाऱ्या).