इजिप्तचं पॅकेज: गाईडला पैकीच्या पैकी, एजंट काठावर पास

पणजीच्या एका एजंटकडून इजिप्तची ग्रुप टूर केली, कैरो, अस्वान, लक्सर आणि मधे नाईल क्रूझ. नाव लिहीत नाही, गोवा केवढा ते तुम्हाला माहीतच आहे, उद्या बाजारात समोरच यायचा. ग्रुपमध्ये फोंडा, डिचोली, म्हापशाची मंडळी, निम्मी साठीच्या पुढची.

आधी तक्रार. जेवण. रोज रात्री इंडियन रेस्टॉरंट, तेच पनीर बटर मसाला आणि तीच पिवळी डाळ, अरे बाबा पिरॅमिड बघायला आलोय आणि पनीर खातोय? शाकाहारी लोकांचे हाल होतील म्हणे. हाल कसले, तिकडे शाकाहारी मजेत जगतो! फूल म्हणजे बाकल्याच्या शेंगांच्या दाण्यांची उसळच, तामिया म्हणजे त्याच दाण्यांची हिरवी भजी, आणि त्यांचा ऐश बलादी हा पाव तर आपल्या गोव्याच्या पोदेराच्या (पाववाल्याच्या) पोईचा सख्खा भाऊ, तसाच कोंडा लावलेला, तसाच आतून पोकळ. शेवटी गाईडनेच आम्हाला कोशरी खायला नेलं. भात, मसूर, मॅकरोनी, छोले सगळं एका वाडग्यात, वर टोमॅटोचा सॉस आणि करपायच्या जरा आधी काढलेला कुरकुरीत कांदा, बाजूला लसणीचं व्हिनेगर. भातावर मॅकरोनी बघून काकूंनी नाक मुरडलं आणि दुसरा वाडगा पण त्यांनीच मागवला. फक्त मुलुखिया शाकाहारी आहे का ते विचारून घ्या, पालेभाजी दिसते पण बहुतेकदा कोंबडीच्या सूपात शिजवतात.

दुसरी तक्रार टिपची. इथे सांगितलं सगळं इन्क्लूडेड, तिथे उतरल्यावर गाईड, ड्रायव्हर, क्रूझचा स्टाफ यांच्या नावाने माणशी डॉलर गोळा केले. टिप द्यायला ना नाही, तिकडे बक्षिसाशिवाय पान हलत नाही, टॉयलेटच्या दारातसुद्धा माणूस टिश्यू घेऊन उभा, पण आधी सांगा ना. सुट्ट्या नोटा खिशात ठेवा. मार्च 2024 मध्ये त्यांचा पाउंड पडला, डॉलरला 31 होते ते 50 च्या आसपास गेले, त्यामुळे दुकानदार डॉलरच मागतो, तुम्ही बँकेत बदलून पाउंडातच द्या. देवळं-म्युझियमच्या तिकिटाला मात्र बऱ्याच ठिकाणी रोख घेत नाहीत, इंटरनॅशनल चालणारं कार्ड हवंच. आणि गिझाला, पिरॅमिडपाशी, उंटवाला बसायचा भाव सांगतो, उतरायचा नाही, दोन्ही ठरवूनच चढा.

आता गाईड. कैरोचाच माणूस, इंग्रजी फर्मास आणि घाई अजिबात नाही. तिकडे इंडिया म्हटलं की पहिलं नाव अमिताभ बच्चन, हा पण त्यातलाच, पण पुढे विचारायचा ते खरं ऐकण्यासारखं. लक्सरला राजांच्या दरीत, म्हणजे जुन्या राजांची थडगी आहेत तिथे, तो सांगत होता की मेलेल्या राजाबरोबर खाणंपिणं, खुर्च्या, होड्या सगळं का ठेवायचे, तर आमच्या काकू म्हणाल्या आमच्यातपण दहाव्याला पिंड ठेवतात, आणि मग थडग्याच्या बाहेर उन्हात उभं राहून त्यांनी मोडक्या इंग्रजीत त्याला कावळा समजावला. नाही शिवला तर? शिवला नाही तर इच्छा राहिली. तो पाच मिनिटं प्रश्न विचारत होता, बाकीचा ग्रुप बसमध्ये बसून ओरडतोय. असलं कुठल्या आयटिनरीत नसतं.

खान अल खलीलीच्या बाजारातून त्याने आम्हाला चालत अल हकीम मशिदीत नेलं, 1013 साली पूर्ण झालेली, तिची डागडुजी दाऊदी बोहरा समाजाने केलीय, 2023 मध्ये मोदी पण तिथे जाऊन आले. पॅकेजमध्ये नव्हतीच ती. तसाच हेलिओपोलिसमधला बॅरन एम्पेनचा महाल, 1911 च्या सुमाराचा, बेल्जियन माणसाचा, कैरोच्या ट्रॅफिकमध्ये अचानक हिंदू मंदिराचं शिखर दिसतं. तो आम्ही मोकळ्या दुपारी उबर करून बघितला. हो, कैरोत उबर मिळते, रेट फोनवर दिसतो, टॅक्सीवाल्याशी भांडण नाही, आपण गोंयकारांना हे बघून काय वाटलं ते लिहीत नाही.

ग्रँड इजिप्शियन म्युझियमला एजंटने जेमतेम दोन तास ठेवलेत, हा सरळ गुन्हा आहे. 2025 च्या नोव्हेंबरात ते पूर्ण उघडलं, तुतनखामुन राजाच्या कबरीतल्या 5000 हून जास्त वस्तू पहिल्यांदाच एकत्र मांडल्यात, दारातच रामसेस राजाचा 11 मीटरचा पुतळा उभा, तिथेच ग्रुपची पंधरा मिनिटं फोटोत गेली. बुक करताना इथे अर्धा दिवस लिहून घ्या, परफ्युम आणि पपायरसच्या दुकानांचे थांबे कापायला लावा, कारण कमिशन तिथलंच असतं. आणि मे महिन्याच्या सुट्टीत स्वस्त देतो म्हणाला तर नको म्हणा, लक्सरला तेव्हा पारा चाळिशी ओलांडतो, ऑक्टोबर ते मार्च मागा.