ट्रॅक्टरचे 14.9-28 मागचे टायर आणि त्यातलं पाणी, एक वर्ष वापरून झाल्यावर

"पाणी भरलंय, क्लेम बसत नाही" असं म्हणून दुकानदारानं ट्यूब परत पाठवली म्हणून आज हे लिहितोय. टायरबद्दल तक्रार नाही, टायर चांगलेच आहेत, ते आधीच सांगतो.

रान औसा तालुक्यातलं, काळं आणि खोल. ट्रॅक्टर 45 एचपी, टू व्हील ड्राइव्ह. मागं 13.6-28 होते (पहिला आकडा टायरची रुंदी, दुसरा रिमचा व्यास, इंचात), नक्षी निम्म्यावर आलेली. मागच्या उन्हाळ्यात दोन फाळी पलटी नांगर लावला की जे चाक तासात (नांगराच्या चरीत) नाही ते वर कडक रानावर नुसतं जागेवर फिरायचं, डिझेल जळतंय आणि नांगर पुढं सरकत नाही. सगळ्यांनी एकच सांगितलं की टायर मोठे घाल. मग 14.9 ची जोडी घेतली, पन्नास हजाराच्या घरात गेली. माझ्या रिमवर डब्ल्यू 12 (रिमची रुंदी, इंचात) कोरलंय, त्याच्यावर 14.9 बसला, पण डब्ल्यू 13 असती तर जास्त बरं झालं असतं. मडगार्डला घासत नाही ना ते बसवायच्या आधीच बघून घ्या.

टायर बसवले त्याच दिवशी, मागच्या चाकांवर वजन वाढावं म्हणून, ट्यूबमधी पाणीबी भरलं. मागची बाजू जॅकवर घेतली, चाक फिरवून वॉल्व एकदम वरती आणला, पिन काढली आणि फवारणीच्या पंपानं पाणी सोडलं. मधे मधे पाईप काढून आतली हवा सोडावी लागते, तेव्हा वॉल्वमधून फुस्स आवाजासकट पाण्याचे शिंतोडे तोंडावर येतात. वॉल्वच्या पातळीला पाणी आलं की समजायचं साधारण 75 टक्के झालं, तिथंच थांबायचं. वरच्या जागेत हवा पाहिजेच, नाहीतर टायर दगडासारखा होतो आणि सगळे दणके एक्सलला बसतात. 14.9 ला एका बाजूला 180 लिटरच्या आसपास बसतं, म्हणजे दोन्ही मिळून साडेतीनशे किलोच्या वर वजन, तेबी फुकट. लोखंडी वजनं घ्यायला गेलं तर किलोवर पैसे मोजावे लागतात. आपल्याकडं पाणी गोठत नाही त्यामुळं मीठ-केमिकल काही टाकायची गरज नाही.

फरक इतका पडला की मी जो भेटेल त्याला 14.9 घे म्हणून सांगत सुटलो होतो. आता तसं सांगत नाही, का ते सांगतो.

जूनमध्ये पेरणीच्या आधी पाणी काढलं. वापसा आलेल्या काळ्या रानात एवढं वजन घेऊन फिरलं की चाकोरीतली माती दबते आणि तिथं सोयाबीन नीट उगवत नाही. काढायचं कामबी सोपं नाही, वॉल्व खाली आणून पिन काढली तरी रिमच्या खालचं पाणी आतच राहतं, त्याला बारीक नळी आत घालून हवेच्या दाबानं बाहेर काढावं लागतं. मग सोयाबीन निघाल्यावर तेच टायर, तोच नांगर, पण पाणी नाही. आणि चाक पहिल्यासारखंच फिरायला लागलं! म्हणलं आता मोजूनच बघू. टायरला खडूची खूण केली, नांगर उचलून चाकाचे दहा फेरे चालवलं तर 41 मीटर गेलं. नांगर खाली घालून दहा फेऱ्यात 32 मीटर, म्हणजे 22 टक्के स्लिप, तेवढं चाक जागेवरच फिरून वाया. पाणी भरून परत त्याच वावरात मोजलं तर 36 मीटर, म्हणजे 12 टक्के. नांगरटीला 8 ते 15 मधी असलं की चांगलं. म्हणजे काम पाणी करत होतं आणि नाव टायरचं होत होतं. 14.9 नं काहीच फायदा नाही असं नाही, रुंद असल्यामुळं मऊ रानात कमी रुततो, पण ज्याच्या 13.6 ला अजून नक्षी आहे त्यानं आधी पाणी भरून बघावं, पन्नास हजार कुठं पळून जात नाहीत.

हवेचंबी तसंच. पंक्चरवाला कुठलाबी टायर असो, 28-30 पीएसआय हवा भरून देतो. एवढ्यावर टायर फुगून मधल्या पट्ट्यावरच चालतो, पकड राहत नाही. नांगरटीला मी 12 ते 14 ठेवतो, उसाची ट्रॉली लागली की 18-20. पाणी भरलेल्या टायरची हवा वॉल्व वरती ठेवूनच मोजा, खाली ठेवलं तर पाण्याच्या वजनानं रीडिंग एखादा पीएसआय जास्त येतं आणि गेजमध्ये पाणी शिरून गेज जातो ते वेगळंच. रोडला मात्र पाणी भरून जाऊ नका, कारखान्याला जाताना ट्रॅक्टर उसळ्या मारतो आणि नक्षी डांबरावर घासून जाते. उसाच्या ओल्या फडातून भरलेली ट्रॉली काढताना तेच पाणी कामाला येतं, त्यामुळं फड आणि रोड दोन्ही करणाऱ्यानं कमी पाणी ठेवावं, निम्मं भागतं.

आता वॉल्व. एवढ्या सगळ्यात मला खरा त्रास कुणी दिला असेल तर त्या बोटाएवढ्या वॉल्वनं. ट्रॅक्टरच्या ट्यूबला हवा-पाण्याचा वॉल्व येतो, ज्याचा आतला भाग पूर्ण निघतो आणि पाणी सरळ जातं. मला दिलेल्या एका ट्यूबला साधा वॉल्व निघाला. आमच्या बोअरचं पाणी जड, पिनीवर पांढरा थर धरला, पिन पूर्ण बसेना, आणि ऐन नांगरटीत रात्रीतून टायर बसला. पाणी भरलेला टायर बसला म्हणजे काय असतं ते ज्यानं उचललाय त्यालाच माहीत, दोन माणसांना हलत नाही, आणि पंक्चरवाला शेतात यायला तयार नाही. बसलेल्या टायरवर ट्रॅक्टर थोडा हलवावा लागला त्यात ट्यूब वॉल्वच्या बुडाशी फाटली. दुकानदार म्हणतो पाणी भरलं म्हणून फाटली. अरे बाबा, टायरसोबत जो कागद दिला त्याच्यावरच कुठल्या साईजला किती लिटर पाणी ते छापलंय, मग पाणी भरणं चूक कसं? तो कागद त्याच्या समोर ठेवला तर म्हणे कंपनीशी बोला.

ट्यूब घेताना काउंटरवरच टोपण काढून वॉल्व बघा, दोन्ही ट्यूबचा. टोपण लोखंडी आणि आत रबर वायसर असलेलंच घ्या, प्लॅस्टिकचं टोपण चिखलात राहत नाही. भरायला बोअरऐवजी विहिरीचं नाहीतर पावसाचं साठवलेलं पाणी वापरा, पिन दर हंगामाला बदला, किरकोळ पैशात येते.

नवीन ट्यूब मी माझ्याच पैशानं घेतली, बरोबर वॉल्वची. फाटलेली जपून ठेवलीय आणि कंपनीला फोटोसकट अर्ज पाठवलाय, वॉल्वचा फोटो जवळून काढून.