लोह, चांदी की तांबे? रंगाच्या पाण्यासाठी प्रकाश-उत्प्रेरक निवडताना

नागपुरात उन्हाला तोटा नाही, त्यामुळे एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी उन्हात कापडरंगाईचे रंगीत सांडपाणी शुद्ध करण्याचा विषय अनेकांना खुणावतो आणि उजेडात रंग तोडणाऱ्या टायटॅनियम डायऑक्साइड या पांढऱ्या भुकटीत (प्रकाश-उत्प्रेरकात) कोणता धातू मिसळावा, हा प्रश्न लगेच पुढे येतो. मुळात धातू मिसळायचा तो अशासाठी, की या पदार्थाच्या ॲनाटेज या स्फटिकरूपाचा बँड गॅप (इलेक्ट्रॉन मोकळा करायला लागणारी किमान ऊर्जा) ३.२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असल्याने साधारण ३८७ नॅनोमीटरपेक्षा लांब लहरींचा प्रकाश त्याच्या कामी येत नाही, आणि जमिनीवर पोचणाऱ्या उन्हात अतिनील किरणांचा वाटा जेमतेम चार-पाच टक्के असतो.

लोहाची मोठी सोय म्हणजे त्याचा त्रिसंयुजी आयन आकाराने टायटॅनियमच्या आयनाजवळ जाणारा असल्यामुळे तो स्फटिकातच जागा धरतो. भुकटी पिवळसर होते आणि दृश्य प्रकाशही थोडाफार शोषू लागते. फेरिक नायट्रेट स्वस्त मिळते, हेही विद्यार्थ्याच्या दृष्टीने थोडे नाही. मात्र इथेच बहुतेकांचा हात सैल सुटतो. अर्ध्या टक्क्याच्या आसपास लोह उपयोगी ठरते. त्याहून बरेच जास्त घातल्यास रंग तोडण्याच्या कामी येणारे इलेक्ट्रॉन आणि होल (इलेक्ट्रॉन सुटल्यावर मागे राहणारी रिकामी जागा) यांची गाठ लोहापाशीच पडून दोन्ही वाया जातात आणि गडद तांबूस भुकटी साध्या पांढऱ्या भुकटीपेक्षाही मागे पडते.

चांदीचा आयन स्फटिकाच्या जाळीत बसण्याच्या मानाने बराच मोठा असतो. ती बहुधा पृष्ठभागावर सूक्ष्म कणांच्या रूपात बसते, म्हणून तिला काटेकोर अर्थाने डोपिंग (जाळीतच परका अणू बसवणे) म्हणणे मला पटत नाही. हे कण इलेक्ट्रॉन ओढून घेऊन त्यांची होलशी गाठ टाळतात, त्यामुळे अतिनील दिव्याखाली चांदीचे निकाल झकास येतात. पण सुती धाग्यावर रिॲक्टिव्ह रंग चढवताना भरपूर मीठ घालतात; त्यातील क्लोराइडमुळे चांदीचे कण सिल्व्हर क्लोराइडने माखू शकतात, शिवाय सिल्व्हर नायट्रेटची किंमतही सोसावी लागते. तांब्याबद्दल एवढेच सांगतो, की आम्लधर्मी पाण्यात ते झिरपते आणि रंगाऐवजी माशांना घातक असा धातू पाण्यात सोडून बसण्याची वेळ येते.

धातू कोणताही घ्या, मेथिलीन ब्लू या चाचणीच्या नेहमीच्या निळ्या रंगावर एकट्यावर विसंबू नका. हा रंग ६६४ नॅनोमीटरला स्वतःच प्रकाश शोषतो, त्यामुळे उत्प्रेरकाला दृश्य प्रकाश मानवला की रंगच स्वतःच्या जोरावर विटला, हे कळत नाही. शिवाय नमुना रंगहीन दिसला म्हणून बुचाच्या परीक्षानळीत घेऊन खळखळून हलवावा, तर कधी कधी फिकट निळी छटा परत येते. रंग तुटलेला नसतो, त्याचे केवळ क्षपण झालेले (इलेक्ट्रॉन मिळून तो रंगहीन रूपात गेलेला) असते आणि हवेतील ऑक्सिजनने तो पूर्ववत होतो. म्हणून फिनॉलसारख्या रंगहीन पदार्थावरही प्रयोग करावा आणि एकूण सेंद्रिय कार्बन (पाण्यात उरलेल्या सेंद्रिय पदार्थांतला कार्बन) मोजावा.

प्रयोग गच्चीवरच्या उन्हात करायचा असेल, तर मी पाव ते अर्धा टक्का लोह घेईन. दिव्याखाली आणि क्षारमुक्त पाण्यात करायचा असेल, तर चांदी. दोन्ही वेळी बिनधातूची भुकटी सोबत ठेवावी आणि उजेडात नेण्याआधी अर्धा तास अंधारात ढवळावे, म्हणजे भुकटीला नुसता चिकटलेला रंग तुटलेल्यात धरला जाणार नाही. मे महिन्यात बीकरवर पाण्याच्या पातळीची खूण करून प्रत्येक नमुन्याआधी आटलेले पाणी भरून काढावे. नाहीतर तुटत चाललेला रंगही मापात दाट होत चाललेला दिसेल.